रामरावांच्या मोटारीचा एक नट

नट ही वस्तू माझ्या आयुष्यात फार उशिरा आली. तोपर्यंत माझा संबंध पुस्तकांशी, आणि फार तर खडूशी. माणूस साठीला टेकला, शाळेतून निवृत्त झाला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधून वापरू लागला, की त्याने नव्या वस्तूंच्या नादी लागू नये असं माझं प्रामाणिक मत आहे. पण माझ्या मतांना माझ्याच घरात फारशी किंमत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ती नेहमी पटतातच असं नाही.

ही गोष्ट छप्पन सालच्या दिवाळीची. आमची एकुलती एक मुलगी, विजयमाला, त्या उन्हाळ्यात लग्न होऊन धनजला गेली होती. पहिली दिवाळी माहेरी करायची आणि पोरीला आणायला भावाने मुऱ्हाळी म्हणून जायचं, ही आपली रीत. तिला भाऊ नाही, तेव्हा मुऱ्हाळी मीच. यात काहीच अवघड नव्हतं. अवघड करून ठेवलं ते मी, लग्नाच्या मांडवात.

त्याचं असं झालं, की निरोपाच्या वेळी पोरगी रडत होती, तिची आई रडत होती, आणि मी काय करावं हे न कळून मांडवाच्या खांबाला बांधलेली आंब्याची पानं निरखत उभा होतो. व्याही जानराव हा गडगडाटी माणूस. त्यांनी माझ्या पाठीवर हात मारला. माझा चष्मा पडला.

"गुरुजी, कायजी करू नका. दिवाळीले या अन् पोरीले घेऊन जा!"

यावर "बरं" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण अशा वेळी माणसाच्या तोंडून त्याला न पेलणारी वाक्यं बाहेर पडतात. मी म्हणालो, "येतो. मोटार घेऊन येतो."

हे वाक्य कुठून आलं ते मला आजतागायत समजलेलं नाही. माझ्याकडे सायकलसुद्धा नव्हती.

"वा रे वा!" जानराव ओरडले. "आयकलं का बे सगळ्यायनं? मंग आमी बी मोटार आल्याबिगर पोरीले पाठवत नाही!"

सगळा मांडव हसला. पोरगी मात्र रडता रडता थांबली आणि पदराआडून तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मोटारीवर विश्वास होता. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, पण माझ्या बोलण्यावर इतका विश्वास कोणी ठेवलेला मला आठवत नाही. इन्स्पेक्टरसाहेबांनी तर कधीच नाही.

पोरगी गेली आणि घर एकदम मोठं झालं. आमचं घर दोन खोल्यांचं आहे, त्यात मोठं होण्यासारखं काही नाही. तरी झालं. संध्याकाळी दिवा लागला की मी पुस्तक उघडायचो आणि ती बाजूच्या खोलीत काही तरी पाडायची. भांडं, पाट, सुपारीचा डबा. मी ओरडायचो, "काय पडलं?" ती म्हणायची, "काही नाही बाबा, मीच." आता काही पडेना. शांततेत वाचन चांगलं होतं असं म्हणतात. मी एकाच पानावर पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत होतो.

दसरा झाला आणि कस्तुराबाईने, म्हणजे आमच्या कुटुंबाने, भाकरी थापता थापता विचारलं, "मंग? मोटारीचं काय केलं?"

मी म्हणालो, "कोणती मोटार?"

तिने भाकरी तव्यावर अशी टाकली की मला सगळी मोटार आठवली.

आमच्या अनसिंगात तेव्हा मोटार एकच. ती रामरावांची. रामराव मोठे शेतकरी, मनाने दिलदार, आणि त्यांची मोटार गोठ्यात. लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा ती तिथे लावली ती लावली. पुढच्या सीटवर कोंबड्या बसत, मागच्या सीटवर कडबा. मी भीत भीत विचारलं, तर रामराव खुर्चीतून उठलेच.

"न्या ना गुरुजी! पोरीले आनाचं हाय, हे काय इचारनं झालं? सुरू झाली का न्या. नाही झाली तं ढकलत न्या, पन न्या!"

मोटार कळणारा माणूस आमच्या ओळखीत एकच होता, उदयसिंग. जवळच्या तांड्यावरचा बंजारा, वाशीम-पुसद सर्व्हिसगाडी, म्हणजे पॅसेंजरांची बस, चालवायचा. एकदा आमच्या फाट्यावर त्याचं टायर बसलं, तेवढ्या वेळात मी त्याला गोठ्यात नेऊन मोटार दाखवली. त्याने कोंबड्या उठवल्या, झाकण उघडलं, इकडे तिकडे ठोकून पाहिलं आणि निकाल दिला.

"इंजिन शेर हाय गुरुजी. पन धूर जायाचा रस्ता बंद. या नळकांड्यात कुंभारमाशीनं घरं केली. हे नळकांडं काढा, साफ करा, लावा. धनज काय, दिल्लीले जान गाडी!"

नळकांडं इंजिनाच्या कुशीला नटांनी आवळलेलं होतं. रॉकेल पाजून, पाना लावून, एकेक नट मी आणि रामरावांनी सोडवला. पहिला निघाला तेव्हा मला झालेला आनंद वर्णन करण्याच्या भानगडीत मी पडत नाही, थोरामोठ्यांनीही आनंदाची वर्णनं करून फसगत करून घेतली आहे. दुसरा निघाला, तिसरा निघाला. शेवटचा निघेना.

हा नट आतल्या अंगाला, खाली, हात पोचेल पण जोर लागणार नाही अशा जागी होता. गंजून तो आणि बोल्ट एकजीव झाले होते. रॉकेल झालं, गोडं तेल झालं. रामरावांनी पान्याला मुसळ बांधून जोर केला, तर मुसळ मोडलं. कस्तुराबाईने नारळ फोडायला सांगितला, तोही फोडला. खोबरं वाटलं. नट होता तिथेच.

दरम्यान मी कचेरीत गेलो. मोटार रस्त्यावर आणायची तर तिचा कर भरून टोकन लावायला हवं, असं मला कोणी तरी सांगितलं. इतर कोणाच्या हे लक्षातही आलं नसतं. पण मी कायद्याला भिणारा माणूस. कायदा माझ्याकडे बघत नसला तरी मी त्याला नमस्कार करतो.

कारकून भला होता. त्याने विचारलं, "मोटार कोणत्या राज्यात चालवणार?"

"अनसिंगहून धनजला."

"ते गाव झालं. राज्य कोणतं?"

"आपलं हेच," मी म्हणालो, "मध्यप्रदेश."

"कधी चालवणार?"

"दिवाळीला."

त्याने टाक खाली ठेवला. "गुरुजी, नोव्हेंबरच्या एक तारखेपासून राज्यं बदलतात, आपला वऱ्हाड मुंबई राज्यात जातो. दिवाळी पडते दोन तारखेची. आज मी मध्यप्रदेशचं टोकन दिलं तर ते दिवाळीला चालणार नाही. मुंबईचं टोकन माझ्याकडे आलेलं नाही. आता तुम्हीच सांगा."

मी विचारलं, "एक तारखेनंतर येऊ?"

"तेव्हा दिवाळीची सुटी."

माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. म्हणाला, "मोटार चालू आहे का?"

"नाही."

"मग कशाला घाबरता? बंद मोटार कोणत्याही राज्यात उभी राहू शकते."

कचेरीत इतकं स्पष्ट उत्तर मला आयुष्यात पुन्हा मिळालं नाही.

घरी येताना फाट्यावर उदयसिंगाची गाडी दिसली. त्याच्या गाडीचा एक स्वभाव होता. ती बंद केली की पुन्हा सुरू व्हायला पॅसेंजरांना उतरून ढकलावं लागे. म्हणून तो फाट्यावर गाडी बंद करतच नसे. कंडक्टरने घंटी दिली की निघालाच. त्यामुळे त्याचा सल्ला मिळायचा तो चालत्या गाडीतून आणि जेवढा मिळेल तेवढा.

मी धावत गेलो. "उदयसिंग, एक नट निघत नाही!"

"तापवा!" तो खिडकीतून ओरडला. "तापवा गुरुजी, तापवा!" आणि गेला.

तापवा. ठीक आहे. पण काय तापवा? नट की बोल्ट? हा प्रश्न मला पडला आणि मी तो गोठ्यात जमलेल्या मंडळींपुढे मांडला, ही पुढच्या सगळ्याची सुरुवात.

शाळेत मी कित्येक वर्षं गोळा आणि कड्याचा प्रयोग करून दाखवला होता. थंड गोळा कड्यातून जातो, तापवलेला जात नाही, कारण उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतो. पण शाळेत आम्ही गोळाच तापवायचो. कडं तापवलं तर भोक मोठं होतं की लहान, हे कोणा मुलाने विचारलं नाही आणि मीही देवाचे आभार मानून पुढचा धडा घ्यायचो.

"नट तापवावा असं मला वाटतं," मी म्हणालो. "म्हणजे त्याचं भोक मोठं होईल."

"भोक मोठं कसं होईन?" रामराव म्हणाले. "फुगते ते लोखंड. भोकात लोखंड कोठी हाय?"

कस्तुराबाई चहा घेऊन आली होती. तिने पदर सावरून आपलं मत दिलं. "वड्याले मधी भोक पाडलं, तरी तेलात वडा फुगला का भोक बुजते. म्या रोज पाह्यतो का नाही?"

हा पुरावा जबरदस्त होता. मी आयुष्यभर तिचे वडे खाल्ले आहेत, भोक बुजलेले. मी माझं मत मागे घेतलं. माझी मतं मागे घ्यायला सोपी असतात, ती फारशी पुढे गेलेलीच नसतात.

म्हणून बोल्ट तापवायचं ठरलं. घरचा स्टोव्ह आणला, गोठ्यात विटांवर आडवा ठेवला आणि ज्योत बोल्टाच्या टोकावर धरली. स्टोव्ह आडवा ठेवायचा नसतो, हे मला भडका उडाल्यावर समजलं. पेटला तो मी नव्हे, माझ्या भुवया. दोन्ही. आणि मिशीचा डावा अर्धा भाग. रामरावांनी प्रसंगावधान राखून गुरांच्या हौदातलं पाणी माझ्या तोंडावर मारलं.

नट आणखी घट्ट बसला. बोल्ट त्याच्या आत फुगला होता.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर उदयसिंगाने मला आधी ओळखलंच नाही. ओळखल्यावर त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले.

"बोल्ट नाही जी!" तो कसाबसा म्हणाला. "नट! नट तापवाचा, लाल होईपर्यंत! अन् लाल झाला का लगेच..."

कंडक्टरने घंटी दिली.

लगेच काय? गाडी धुळीत गेली. मी तिच्या मागे थोडा पळालोसुद्धा. ते दृश्य गावातल्या बऱ्याच लोकांनी पाहिलं आणि पुढे पुष्कळ दिवस ते एकमेकांना करून दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी मी वेळेआधी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. दिवाळीची गर्दी. गाडी टपापर्यंत भरलेली. उदयसिंगाने हात हलवला आणि थांबलाच नाही. आता दिवाळी तोंडावर आली होती. कस्तुराबाईने पोरीसाठी उटणं वाटून ठेवलं होतं, तिची जुनी गोधडी उन्हात घातली होती, दोनदा.

शेवटी मी आणि कस्तुराबाई मारोतराव लोहाराकडे गेलो. मारोतराव म्हणजे आमच्या भागातला बैलगाडीच्या चाकांवर धाव चढवणारा नामांकित माणूस. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. गोवऱ्यांच्या गोल आगीत ती लाल करतात, मग ती मोठी होते, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवतात, आणि लगेच चौफेर घागरींनी पाणी ओततात. सूं करून वाफ उठते, धाव आकसते आणि चाकाला अशी आवळून बसते की बैल मरेल पण धाव निघणार नाही. हे सगळं जलद करावं लागतं म्हणून त्या दिवशी आळीतल्या बायका घागरी भरून तयार उभ्या असतात. ही पिढ्यान्‌पिढ्यांची तालीम.

मारोतरावांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि भोकाचा प्रश्न एका वाक्यात मिटवला. "धाव तापली का मोठी होते. नट म्हंजे लहानशी धाव. नट तापवा." माझं पहिलं मत बरोबर होतं हे ऐकून मला भरून आलं. मी हळूच कस्तुराबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "लोखंडाचं वेगळं, वड्याचं वेगळं."

"पण मारोतराव," मी विचारलं, "लाल झाल्यावर लगेच काय?"

"लगेच काय म्हंजे?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी सूर्य उगवल्यावर काय होतं असं विचारलं. "लगेच पानी!"

मला वाटत होतं, लगेच पाना. नट गरम आहे, मोठा झालेला आहे, तेव्हाच फिरवून घ्यावा. वाटत होतं, पण माझ्या वाटण्याने माझ्या भुवया नुकत्याच गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार ढकलत गोठ्याबाहेर आणली. मारोतरावांनी नटाभोवती ओल्या मातीचं आळं केलं, त्यात कोळसे भरले आणि भात्याची नळी लावली. बातमी गावात गेलीच होती. माणसं धाव चढवायला येतात तशी आली. बाया घागरी भरून आल्या, त्यात कस्तुराबाई सगळ्यांत पुढे. कोणी तरी मोटारीच्या टपाला झेंडूची माळ बांधली होती. भाता चालू झाला. कोळसे फुलले. नट तांबडा झाला, मग लाल झाला, मग पिकल्या संत्र्यासारखा. माझ्या हातात पाना होता. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि म्हणालो, "पाना..."

पण मी हळू म्हणालो. मी नेहमीच हळू म्हणतो.

"पानीऽऽ!" मारोतराव गरजले.

पहिली घागर कस्तुराबाईची. मग बाकी सगळ्यांच्या. वाफेचा लोट उठला, कोंबड्या ओरडत पळाल्या, आणि त्या वाफेतून एक आवाज आला. टण्ण! देवळातली घंटा एकदाच वाजावी तसा. नळकांडं इंजिनाच्या ज्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, अंगावर बसवलं होतं, ते वरपासून खालपर्यंत उभं तडकलं होतं.

वाफ निवली. मारोतरावांनी वाकून नटाला हात लावला, हलवून पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कारागिराचं समाधान पसरलं.

"आता शंभर वर्सं हालत नाही!" ते म्हणाले. मग त्यांना आठवलं की हे चाक नव्हे.

मी रामरावांकडे बघू शकत नव्हतो. त्यांनीच जवळ येऊन माझ्या हातातला पाना काढून घेतला. "जाऊ द्या गुरुजी. गोठ्यात उभी व्हती, गोठ्यात उभी राहन. मोटारीले काय फरक पडला? कोंबड्यायले तं आनंदच होईन." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोरीचं पाहा तुमी आता."

पोरीचंच तर पाहायचं होतं. मोटार आल्याबिगर पाठवत नाही, हे जानरावांचं वाक्य माझ्या कानात होतं. रिकाम्या हाताने गेलो तर भर दारात हसं होणार आणि पोरगी ओट्यावरून बघणार. कस्तुराबाई म्हणाली, "तरी जा. तुमचं हासं झालं तं झालं. पोट्टीनं वाट कायले पाहावी?"

मी उदयसिंगाच्या गाडीत बसलो. त्याने मला पुढच्या बाकावर जागा दिली आणि पहिल्यांदा त्याचा सल्ला मला पूर्ण ऐकायला मिळाला. लाल झाला की लगेच पाना लावायचा, झटका द्यायचा, नाही फिरला तर मेणबत्तीचं मेण आट्यांत मुरू द्यायचं, पाणी मात्र चुकूनसुद्धा नाही. फार विस्ताराने, हातवारे करून त्याने सांगितलं. हातवारे करताना तो स्टिअरिंग सोडत होता.

"तुम्ही असे पुष्कळ नट काढले असतील," मी म्हणालो.

"म्या? छे! आमची गाडी बिघडली का मालक मिस्त्री बोलावते. म्या फक्त आयकलं हाय."

पुढे वाशीमला गाडी बदलली, कारंज्याला बदलली. वाटेत मी जानरावांना काय म्हणायचं ते मनात मांडत होतो. भाषण चांगलं जमलं होतं. त्यात सुरुवातीला खेद होता, मधे कालाय तस्मै नमः होतं, शेवटी विनंती होती.

जानराव ओसरीवर बसले होते. मला पाहून उठले आणि उठल्या उठल्या थांबले.

"गुरुजी! हे काय तोंड करून आले? भुवया कोठी गेल्या?"

"जानराव," मी भाषण सुरू केलं, "आपल्याला दिलेला शब्द मला पाळता आला नाही. मोटार..."

"कोनती मोटार?"

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. ते मस्करी करत नव्हते. मांडवातलं ते वाक्य त्यांनी मांडवातच सोडलं होतं. लग्नात माणूस शंभर गोष्टी बोलतो. त्यांच्या शंभरातली ती एक होती, माझ्या एकातली एक.

"न्या ना पोरीले," ते म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "पन एक हाय गुरुजी. आमच्या घरी मोठा घोटाळा झाला. दिवाळीचं सारवता सारवता हिचा पाय घसरला. हाड मोडलं."

आत खाटेवर विहीणबाई सुंदरबाई पडून होत्या, पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं, त्याआड बांगड्या वाजल्या. आणि मग पोरीचा आवाज आला. तोच आवाज, पण कामात असलेल्या बाईचा.

"बाबा, मी आली तं इथं चूल कोन पेटवन? मायले सांगा, संक्रांतीले येतो."

कोणी तिला अडवलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं होतं, आणि बरोबर ठरवलं होतं. मोटार आणली असती तरी ती रिकामीच परत गेली असती, टोकन लावून. हे समजल्यावर मला खरं तर हलकं वाटायला हवं होतं.

"आता भुवयाचं सांगा," जानराव माझ्यासमोर पाट ओढून बसले. "नीट. पह्यल्यापासून."

मी चार माणसांत बोलणारा माणूस नाही. पण सांगू लागलो. गोठा सांगितला, कोंबड्या सांगितल्या. कचेरीतला कारकून सांगत होतो, "बंद मोटार कोणत्याही" एवढ्यावर आलो होतो, तोच दाराआडून फिस्सकन आवाज आला. पोरगी हसली होती.

तिची ही लहानपणापासूनची खोड. गंमत यायच्या आधीच हसते आणि सांगणाऱ्याचा विरस करते. मी किती तरी वेळा तिला रागावलो होतो. त्या दिवशी मी थांबलो, तिचं हसणं पुरतं होऊ दिलं, आणि मग पुढचं वाक्य सांगितलं. आत झारा कढईवर थांबला होता. ती ऐकत होती. मी स्टोव्ह लांबवला. वडे लांबवले. उदयसिंगाच्या मागे मी पळालो होतो थोडा, गोष्टीत पार नदीपर्यंत पळालो. सुंदरबाई खाटेवर पोट धरून म्हणाल्या, "गुरुजी, बस करा, पाय दुखते माया." जानरावांनी शेजाऱ्यांना बोलावलं आणि मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. माझ्या फजितीला आयुष्यात एवढे श्रोते मिळाले नव्हते. मला त्या श्रोत्यांचं काही नव्हतं. माझं लक्ष दाराकडे. घागरी उचलल्या, मारोतरावांनी तोंड उघडलं, आणि पाणी पडायच्या आधीच आत ती हसली, तोंडात पदर कोंबून, खोकला येईपर्यंत.

सकाळी निघताना ती उंबऱ्यापर्यंत आली. हात पिठाचे होते. वाकून पाया पडली, आणि उठताना माझ्या भुवईच्या जागी बोट ठेवून पाहिलं.

"परत येतीन ना बाबा, भुवया?"

"येतील. संक्रांतीपर्यंत येतील."

"मंग मी बी तवाच येतो," ती म्हणाली आणि आत गेली. माझ्या कपाळाला पीठ लागलं होतं. ते मी कारंज्यापर्यंत पुसलं नाही. पुढे गर्दीत कोणाच्या तरी कोपराने पुसलं गेलं.

संध्याकाळी फाट्यावर उतरलो तेव्हा कस्तुराबाई उभी होती. इतक्या वर्षांत ती मला आणायला फाट्यावर कधी आलेली नाही. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या मागे गाडीच्या दाराकडे पाहत होती. एक म्हातारा उतरला, एक गाठोडं उतरलं, आणि गाडी गेली.

मी विहीणबाईंचा पाय सांगितला. "बरं केलं पोट्टीनं," ती म्हणाली आणि चालू लागली. देवळापाशी आल्यावर तिने विचारलं, "बोलली का तुमच्याशी?"

"थोडं बोलली. कामात होती."

"मंग काय केलं तुमी दिवसभर?"

"मोटारीची गोष्ट सांगितली. ती हसली."

कस्तुराबाई रस्त्यातच थांबली. "हासली?"

"खूप."

घरी आल्यावर तिने पणती लावली, मला पाणी दिलं आणि समोर बसली. "सांगा."

"काय सांगू?"

"मोटारीचं."

"अगं, तू तिथंच होतीस की. पहिली घागर तूच ओतलीस."

"ते मले मालूम हाय. पोट्टी कोठी हासली ते मालूम नाही. पुरं सांगा."

म्हणून मी सांगू लागलो. तिला सगळं माहीत होतं, तरी ती एकेका शब्दाकडे कान लावून बसली. कोंबड्या उठवल्या. "इथं?" तिने विचारलं. "इथं नाही." कारकुनावर आलो, तेव्हा मीच म्हणालो, "इथं पहिल्यांदा." स्टोव्ह आडवा ठेवला. "इथं?" "इथं थोडीशी." तिने मान हलवली, ती जागा नीट ठेवून घेतल्यासारखी. मग कोळसे फुलले, नट लाल झाला, मी पाना घेऊन पुढे झालो, बायांनी घागरी उचलल्या.

"इथं," मी म्हणालो.

कस्तुराबाई हसली नाही. पणतीची वात तिने बोटाने थोडी पुढे केली.

"घागरी उचलल्या ते," ती म्हणाली, "अजून एकडाव सांगा."